माशाच्या कालवणातला एक ‘म्हणून’

मागच्या महिन्यात एका जुनिअरनं सिनॉप्सिसचा ड्राफ्ट वाचायला दिला. पेट पास झालेली, आरआरसीची तारीख डोक्यावर, त्यामुळं सगळी घाई. विषय होता महाराष्ट्रातल्या छोट्या समाजांचे पारंपरिक पदार्थ. इंट्रोडक्शनच्या दुसऱ्या पानावर हे वाक्य होतं : ‘ज्यू धर्मात मांस व दूध एकत्र चालत नाही, म्हणून कोकणातील बेने इस्राएल समाज माशाच्या कालवणात नारळाचे दूध वापरतो.’

मी त्या वाक्यापुढं बरोबरची खूण केली. वाक्य नीट होतं, कारण पटण्यासारखं होतं, आणि असंच वाक्य मी आधी चार-पाच ठिकाणी वाचलेलं होतं. नंतर तेच कालवण घरी करून बघितलं आणि आपण चुकीच्या जागी खूण केली हे लक्षात आलं. ही पोस्ट त्या खुणेबद्दल आहे. तुमच्यातले बरेच जण आत्ता सिनॉप्सिस लिहीत असतील. तुमच्याही ड्राफ्टमध्ये असे ‘म्हणून’ असणार. एका ‘म्हणून’ची तपासणी कशी करायची, ते या एका उदाहरणावरून बघू.

आधी थोडी ओळख

बेने इस्राएल हा मराठी बोलणारा ज्यू समाज. मूळ वस्ती आजच्या रायगड जिल्ह्यात. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, त्यातून सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून समाज वाढला, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. व्यवसाय तेल गाळण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. (हा ‘म्हणून’ चालतो. का चालतो, ते शेवटपर्यंत तुम्हीच सांगाल.) आडनावं किहीमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर अशी गावांवरून. मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग 1796 मध्ये झालं. 1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. अलिबागच्या इस्राएल आळीत सिनेगॉग अजून आहे.

शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ सुरू होतो, त्या जेवणात मासा असणं ही जगभरच्या ज्यू घरांतली जुनी पद्धत. कोकणात तो मासा नारळाच्या दुधाच्या कालवणात जातो. परभणीत समुद्र नाही आणि नारळ बाहेरून येतो. तरी ठरवलं, करून बघू.

स्वयंपाकघरात काय झालं

आमच्याकडं मासा म्हणजे गोड्या पाण्यातला. येलदरीचा, नाहीतर गोदावरीचा. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस. ज्यू नियमाप्रमाणं माशाला पर आणि खवले दोन्ही पाहिजेत. हा नियम लेवीय या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात आहे. म्हणजे रोहू, कटला चालतो, शिंगाळा आणि मांगूर चालत नाहीत, झिंगे-खेकडे तर नाहीतच. बाजारात मासेवाल्या मावशींनी सवयीनं विचारलं, ‘खवले काढून देऊ का?’ मी म्हणाले, नको, राहू द्या. नियम पाळणाऱ्या घरात खवले हाच पुरावा असतो. कापून सोलून आणलेला तुकडा कुठल्या माशाचा, हे नुसतं बघून सांगता येत नाही.

पाककृती साधी होती. कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण, जिरं यांचं वाटण, हळद, थोडं आंबट, आणि नारळाचं दूध. पहिल्या वेळी दूध फाटलं. मी घट्ट दूध आधीच ओतलं आणि खळखळ उकळू दिलं. नारळाचं दूध म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे थेंब, त्यांना नारळातली प्रथिनं धरून ठेवतात. साधारण 80 अंशांच्या पुढं ही प्रथिनं गोळा व्हायला लागतात, थेंब सुटतात आणि वर तेल तरंगतं. त्यात आंबट पडलं की काम आणखी लवकर होतं. म्हणून जाणत्या बायका पातळ दूध आधी घालतात, त्यात मासा शिजवतात आणि घट्ट दूध शेवटी घालून नुसती वाफ येऊ देतात. माझ्यापुढच्या कागदावर एवढंच होतं : ‘नारळाचे दूध घालून शिजवावे.’ शोधनिबंधांच्या मेथड्स सेक्शनमध्ये जे होतं तेच इथंही. लिहिणाऱ्याला जे इतकं सवयीचं असतं की सांगायची गरज वाटत नाही, नेमकं तेच गळतं.

दुसरी अडचण वासाची. कोकणातली पाककृती पापलेट, रावस अशा समुद्री माशांसाठी असते. समुद्री मासा शिळा व्हायला लागला की ट्रायमिथाइल अमाइनचा वास येतो आणि आंबटानं तो दबतो. गोड्या पाण्यातल्या माशाला येतो तो चिखलाचा वास, जिओस्मिन नावाच्या रेणूचा. तो पाण्यातल्या सूक्ष्मजीवांकडून येतो. योगायोगानं आंबट यालाही उतार देतं, पण काम वेगळं. मी मासा बदलला तेव्हा एकच गोष्ट बदलली असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात चिंचेचं कामही बदललं होतं. प्रयोगात ‘फक्त एक व्हेरिएबल बदललं’ असं लिहिताना हे आठवा.

दुसऱ्या खेपेला कालवण जमलं. आईनं चव बघितली, बरं म्हणाली. मी तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं की त्यांच्या धर्मात दूध चालत नाही म्हणून त्यांनी नारळाचं दूध घातलं. आई म्हणाली, ‘अगं, पण माशात दूध घालतंय तरी कोण?’

माझ्याकडं उत्तर नव्हतं. जुनिअरच्या सिनॉप्सिसवर मी केलेली खूण मला तिथंच आठवली.

पहिली तपासणी : नियम नक्की काय म्हणतो?

वाक्यात तीन तुकडे आहेत. एक, ज्यू धर्मात मांस व दूध एकत्र चालत नाही. दोन, बेने इस्राएल माशाच्या कालवणात नारळाचं दूध वापरतात. तीन, पहिलं हे दुसऱ्याचं कारण. पहिले दोन तुकडे खरे आहेत. आपण फसतो ते इथंच. दोन खरी विधानं शेजारी दिसली की मधला ‘म्हणून’ आपोआप खरा वाटायला लागतो.

आता पहिला तुकडा नीट वाचा. नियम मांस आणि दुधाचा आहे. ज्यू धर्मशास्त्रात मासा मांसात धरत नाहीत. तो तटस्थ गटात येतो, भाजी, धान्य, अंडं यांच्यासारखा. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या ज्यू घरांत मासा आणि चीज एका ताटात सर्रास असतं. माशाला विधिपूर्वक कापण्याचीही अट नाही. म्हणजे ज्या नियमानं आपण माशाचं कालवण समजावतोय, तो नियम माशाला लागूच होत नाही.

आणखी एक. समजा कालवण मटणाचं असतं आणि नियम लागू झाला असता, तरी नियम फक्त ‘काय नको’ ते सांगतो. ‘त्याऐवजी काय घाला’ हे सांगत नाही. पोलंडमधली ज्यू गृहिणी तोच नियम पाळायची आणि मांसाच्या रश्श्यात काहीच दुधाळ घालायची नाही. नारळाच्या दुधापर्यंत पोचायला आधी नारळ लागतो. बंदी आणि निवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीचं कारण दुसरीला चिकटवता येत नाही.

दुसरी तपासणी : शेजारी काय करतात?

सायन्सवाल्यांना हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडायला हवा होता : कंट्रोल कुठाय?

नियम हे कारण असेल, तर नियम नसलेल्या शेजाऱ्यांच्या कालवणात फरक दिसायला हवा. कोकणात कोळी, आगरी, भंडारी, सीकेपी, कोकणी मुसलमान, सगळ्यांच्या माशाच्या कालवणात नारळ आहे. कुठं वाटून, कुठं दूध काढून. यांच्यावर मांस-दुधाचं बंधन नाही. खाली कोचीनचे ज्यूही नारळाचं दूध वापरतात, आणि त्यांचे मल्याळी शेजारीही वापरतात. धर्म बदलला तरी नारळ राहतो. किनारा सोडला की नारळ जातो. यावरून कारण कुठल्या बाजूला शोधायचं ते कळतं.

आईच्या प्रश्नात तर याहून मोठा कन्फाउंडर होता. आपल्याकडंही मासे आणि दूध एकत्र खात नाहीत. ‘मासे खाऊन दूध पिऊ नये, कोड येतं’ हे परभणीत प्रत्येकानं लहानपणी ऐकलेलं आहे. कोड त्यानं येत नाही, तो वेगळा विषय. पण ही समजूत जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात विरुद्ध आहाराच्या चर्चेत मासे आणि दूध हे ठळक उदाहरण आहे. म्हणजे कोकणात बेने इस्राएल आले नसते, तरी माशाच्या कालवणात गाईचं दूध कोणी घातलं नसतं. जे सगळ्याच गटांत सारखं आहे, त्यावरून एका गटाचं वेगळेपण सिद्ध होत नाही.

मधेच एक चुकलेला संदर्भ

इथं कोणी म्हणेल, पण काही ज्यू खरंच मासा दुधाबरोबर खात नाहीत! बरोबर. काही सेफार्दी घरांत ही प्रथा आहे. तिची गोष्ट संशोधक होऊ बघणाऱ्या प्रत्येकानं वाचावी अशी आहे.

सोळाव्या शतकात योसेफ कारो या मोठ्या धर्मशास्त्रकारानं ‘बेत योसेफ’ या ग्रंथात लिहिलं की मासा दुधाबरोबर खाऊ नये, त्यात धोका आहे, आणि त्यासाठी दुसऱ्या एका विभागातल्या 173 व्या प्रकरणाचा हवाला दिला. ते प्रकरण उघडून बघितलं तर तिथं दुधाचा उल्लेख नाही. तिथं मासा आणि मांस यांच्याबद्दल आहे. त्याच शतकात पोलंडच्या क्राकूवमधल्या मोशे इस्सर्लेस यांनी हे दाखवून दिलं की इथं मांस आणि दूध यांची अदलाबदल झाली आहे. नंतरच्या पंडितांनीही ही चूकच मानली. तरीही मूळ ओळीच्या आधारानं प्रथा टिकून राहिली. आपण संदर्भ न उघडता पुढच्या पेपरमधून उचलतो, तेव्हा नेमकं हेच करतो. फरक एवढाच की आपली चूक दाखवायला दर वेळी इस्सर्लेस भेटत नाही.

त्या जुन्या ग्रंथांत मासा-मांस एकत्र खाण्याचा धोका कोणता सांगितलाय? त्वचेच्या रोगाचा. आणि आपल्याकडं मासा-दुधाचा धोका? कोड. हे वाचल्यावर मला लगेच वाटलं, अरे, काहीतरी नातं आहे! रात्री अकराला जुनिअरला मेसेजही टाईप केला होता, पाठवला नाही. साम्य दिसलं म्हणजे संबंध सिद्ध झाला नाही. नातं दाखवायचं तर कल्पना कुठून कुठं, कोणामार्फत गेली हे दाखवावं लागेल. ते माझ्याकडं नाही. सिनॉप्सिसमध्ये अशी ओळ आवडली म्हणून घालू नका.

मग धर्माचा संबंधच नाही का?

आहे. पण तो वेगळ्या ठिकाणी आहे, आणि तिथं तो जास्त पक्का आहे.

पहिलं ठिकाण, माशाची निवड. शेजारच्या घरात कोळंबी, खेकडा, मोरी शिजते, बेने इस्राएलच्या घरात परंपरेनं नाही. इथं शेजाऱ्यांपेक्षा फरक दिसतो, नियम थेट लागू होतो, आणि नियमातून जे अपेक्षित तेच ताटात दिसतं. समाजाची एक प्रसिद्ध कथाही माशाचीच आहे. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी समाजाचा इतिहास 1897 च्या सुमारास लिहून ठेवला, तो छापून आला 1937 मध्ये. त्यात ही कथा येते : दाविद रहाबी नावाचा ज्यू माणूस कोकणात आला. हे लोक खरंच ज्यू आहेत का, हे बघायला त्यानं बायकांकडं चालणारे आणि न चालणारे मासे मिसळून शिजवायला दिले. बायकांनी बिनखवल्यांचे मासे बाजूला काढले आणि सांगितलं, हे आम्ही वापरत नाही.

टेस्ट म्हणून ही चांगली आहे का? आईच्या प्रश्नाच्या मानानं बरीच चांगली. रहाबीनं त्यांना नारळाच्या दुधाबद्दल विचारलं नाही. जिथं शेजारी आणि हे लोक वेगळे वागतील, तिथंच बोट ठेवलं. उणीव एकच, तेच मासे शेजारच्या कोळणींना देऊन बघितल्याचं कथेत नाही. शिवाय रहाबी नक्की कधी आला यावर एकमत नाही. समाजाची परंपरा त्याला खूप मागे नेते, काही अभ्यासक अठराव्या शतकातल्या कोचीनच्या रहाबी घराण्याशी जोडतात. म्हणून मी ती घडलेली घटना म्हणून वापरणार नाही. समाज स्वतःची ओळख कशात बघतो याचा पुरावा म्हणून वापरीन.

दुसरं ठिकाण, गोड पदार्थ. ज्यू नववर्षाला होणारा चिकाचा हलवा गव्हाच्या चिकापासून करतात आणि त्यात नारळाचं दूध घालतात. मांसाच्या जेवणानंतर गाई-म्हशीच्या दुधाचं गोड खाता येत नाही, नारळाच्या दुधाचं येतं. आपल्याकडं गव्हाच्या चिकाला दूध-तूप सहज चालतं. म्हणजे इथं शेजाऱ्यांकडं जनावराचं दूध आहे, यांच्याकडं नारळाचं, आणि नियम लागू आहे. जुनिअरचा ‘म्हणून’ इथं बराच भार पेलतो. चुकीचं होतं ते कारण लावण्याचं ठिकाण. म्हणून कोणाचं वाक्य खोडताना पूर्ण खोडायच्या आधी ते कुठं लागू पडतं हेही बघा.

आणि बाहेरचं एक उदाहरण. पूर्व युरोपातल्या ज्यूंचा गेफिल्टे फिश हा माशाच्या खिम्याचा पदार्थ. त्यात वापरतात तो कार्प मासा म्हणजे आपल्या येलदरीतला सायप्रिनसच, तीच जात. हा पदार्थ काही भागांत गोड करतात, काही भागांत मिरपूड घालून. ही गोड-तिखटाची सीमा यिद्दिश भाषेच्या बोलींच्या सीमेशी बरीच जुळते. धर्म दोन्ही बाजूंना एकच. म्हणजे एकाच धर्माच्या दोन ताटांतला फरक धर्मानं समजावता येत नाही. तिथं प्रदेश, बाजार, साखर बघावी लागते.

यात एवढं काय बिघडतं?

जुनिअर म्हणाली, ‘ताई, एका वाक्यानं काय होतंय? कमिटी थोडीच नारळ बघणार आहे.’ प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं.

आपण अल्पसंख्य समाजाच्या प्रत्येक गोष्टीचं कारण धर्मात शोधतो. मराठवाड्यात शेंगदाण्याचं कूट सगळ्या भाज्यांत पडतं, त्याचं कारण आपण धर्मात शोधत नाही. म्हणतो, इथं पिकतं, खातात. मग बेने इस्राएलच्या नारळालाच शास्त्राचा दाखला का? ते कोकणात शतकानुशतकं राहिले, तिथलं तेल गाळलं, तिथली भाषा बोलले, त्यांच्या आडनावांत गावं आहेत. त्यांचं कालवण कोकणी आहे कारण ते कोकणी आहेत. ‘म्हणून’ लावून आपण त्यांना त्यांच्याच गावात पाहुणे करतो. 2016 मध्ये प्लॉस वन या जर्नलमध्ये त्यांच्या जनुकांवरचा अभ्यास आला, त्यातही ज्यू आणि भारतीय दोन्ही वारसे ठळक दिसले. जनुकांवरून पाककृती कळत नाही, पण ‘हे की ते’ असा प्रश्नच चुकीचा असू शकतो एवढं त्यातून शिकता येतं.

दुसरं, अशी वाक्यं पुढं जातात. आज सिनॉप्सिस, उद्या थीसिस, परवा कोणीतरी तो थीसिस साईट करणार. 173 व्या प्रकरणाचं काय झालं ते आत्ताच वाचलंत.

जुनिअरनं वाक्य बदललं. आता ते असं आहे : ‘बेने इस्राएल समाजाच्या माशाच्या कालवणातील नारळाचे दूध कोकणातील सामायिक पाकपरंपरेचा भाग दिसते, ज्यू आहारनियमांचा प्रभाव माशांच्या निवडीत आणि सणाच्या गोड पदार्थांत अधिक स्पष्ट आहे.’ वाक्य लांबलं आणि थोडं रुक्ष झालं. पण कमिटीत कोणी विचारलं तर तिला उत्तर देता येईल.

तुमच्या ड्राफ्टमध्ये ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘यावरून सिद्ध होते’ हे शब्द शोधा आणि प्रत्येकापुढं चार प्रश्न विचारा. हे कारण या उदाहरणाला मुळात लागू होतं का? ज्यांना ते कारण नाही, ते काय करतात? दोन्हीकडं सारखं दिसावं असं तिसरं काही आहे का? आणि जो संदर्भ दिलाय, तो मी स्वतः उघडून वाचलाय का? सुरुवातीचा ‘शनवार तेली’वाला ‘म्हणून’ याच चार प्रश्नांतून काढून बघा आणि तो का टिकतो ते कमेंटमध्ये लिहा.

आणि कालवण करणार असाल तर घट्ट दूध शेवटी घाला. सायप्रिनसचे काटे बारीक असतात, लहान मुलांना देताना जपून.